आत्याचा शब्द

मंगळवार, ११ फेब्रुवारी

आज दोन वह्या मिळाल्या. म्हणजे एक मिळाली आणि एक मी घेतली. पहिली विद्यापीठातल्या संशोधक फिलिपाने दिली. रोज कुठल्या मुलाला काय शिकवलं, किती चुकलं, किती वेळ लागला, ते सगळं इंग्रजीत लिहायचं आणि शुक्रवारी तिच्या टेबलावर ठेवायचं. दुसरी ही, तिच्याच खोक्यातून उचललेली. हिच्यात मी आमच्या टोंगन भाषेत लिहिणार आणि ही कुणाच्या टेबलावर जाणार नाही. बावीस वर्षं शाळेत मदतनीस म्हणून काढली, दुसऱ्यांच्या पोरांची नाकं पुसली. आता अठ्ठावन्नाव्या वर्षी एकदम प्रशिक्षिका झाले आहे. मनातलं ओतायला एक भांडं हवंच.

काम असं आहे. आमच्या मांगेरे उपनगरातली चोवीस मुलं, आठ-नऊ वर्षांची, सगळी वाचताना अडखळणारी. आधी विद्यापीठातल्या मोठ्या यंत्रात त्यांच्या मेंदूची चित्रं काढायची. मग बारा जणांना आठ आठवडे रोज तासभर शिकवायचं. उरलेल्या बारांनी थांबायचं. शेवटी परत चोवीसही जणांची चित्रं. शिकवलेल्यांच्या डोक्यात काय बदललं आणि थांबलेल्यांच्या डोक्यात काय नाही, ते शेजारी शेजारी ठेवून बघायचं. थांबलेल्यांची पाळी जुलैमध्ये.

कोण आधी आणि कोण नंतर, त्याच्या चिठ्ठ्या संगणकाने टाकल्या. आमची लेसिएली नंतरच्यांत.

मी फिलिपाला म्हटलं, "ही माझ्या भावाची मुलगी. मी तिची आत्या."

"हो का? किती छान!" म्हणाली आणि सहीचा कागद पुढे सरकवला. थांबलेल्या मुलांना दुसऱ्या चित्रापर्यंत काहीही शिकवणार नाही, असं त्यावर लिहिलं होतं. फिलिपा हुशार आहे, मनानेही चांगली आहे. पण तिच्या लोकांत आत्या म्हणजे नाताळला मोजे पाठवणारी बाई. आमच्यात पोराचं नाव आत्या ठेवते. आत्या मागेल ते द्यायचं असतं, आणि आत्याचा शब्द मोडायचा नसतो.

सही केली. सहीच तर होती.

शनिवार, १५ फेब्रुवारी

लेसिएलीचं पहिलं चित्र झालं.

वहिनी टोंगाला तिच्या म्हाताऱ्या आईपाशी आहे आणि सायमोने, माझा भाऊ, विमानतळावर सामान चढवतो. म्हणून चार वर्षांची असल्यापासून पोरगी माझ्याकडे. तोंडपाठ करण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. गेल्या वर्षी 'फाका मे'ला, म्हणजे मे महिन्यातल्या मुलांच्या रविवारी, तिने चर्चमध्ये बायबल हातात धरून अकरा ओव्या घडाघडा म्हटल्या. बायका डोळे पुसत होत्या. बायबल उलटं धरलं होतं, ते फक्त मला दिसलं. शाळेतली बाई म्हणते, हिला शिकवणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या बाईला एकदा मी घडा दाखवणार आहे.

यंत्र म्हणजे एक पांढरी नळी. आत झोपायचं, हलायचं नाही. डोळ्यांवरच्या आरशात शब्द दिसतात, खुणा दिसतात, मधूनच मासा दिसतो. मासा दिसला की बटण दाबायचं, बाकी काही करायचं नाही. आवाज मात्र असा, की पत्र्याच्या छपरावर कुणी हातोडे मारतंय. मी काचेबाहेर उभी राहून सगळी स्तोत्रं म्हणून संपवली.

नंतर फिलिपाने कुठल्याशा दुसऱ्या, चांगलं वाचणाऱ्या मुलाचं चित्र आम्हाला दाखवलं. डाव्या कानाच्या मागे, जरा खाली, विस्तवासारखा एक ठिपका. अक्षर ओळखू लागलं की तो पेटतो म्हणाली.

गाडीत लेसिएलीने विचारलं, "आत्या, माझ्या डोक्यात तिथे अंधार आहे का गं?"

"अंधार कसला? दिवा आहे. कुणी लावला नाही, एवढंच."

"कधी लावणार?"

"जुलैमध्ये."

तिने बोटांवर महिने मोजले. मग परत पहिल्यापासून मोजले. मी रस्त्याकडे बघत गाडी चालवली.

सोमवार, २४ फेब्रुवारी

शिकवणं सुरू झालं. पत्ते दाखवायचे, अक्षराचा आवाज तोंडाने काढायचा, आरशात आपलेच ओठ बघायचे, मग आवाजामागून आवाज जोडत शब्दापर्यंत जायचं. अर्थावरून अंदाज करायचा नाही, चित्राकडे बघायचं नाही. आपल्याकडे पायवाटेवरचं गवत रोज तुडवून तुडवून वाट पडते, तसंच हे आहे. फिलिपा म्हणते मेंदूतही तसंच होतं, रोजच्या रोज चाललं की आतले धागे जाड होतात.

माझ्या वाटणीला तीन मुलं. त्यात आमच्या चर्चच्या पाळकांची मुलगी मालिया. पहिल्या दिवशी रडून रडून तिने माझा रुमाल भिजवला.

लेसिएली तासभर बाहेर बाकावर बसते, कारण तिला घरी न्यायला दुसरं कुणी नाही. दाराला काच आहे. मी काचेकडे पाठ करून बसते.

सोमवार, ३ मार्च

शिकवलं.

लिहूनच टाकते. आज संध्याकाळी लेसिएली अळूची पानं पुसत होती, मी नारळाचं दूध पिळत होते. ती आपली आपण ओठ हलवत होती. काचेतून बघून बघून मालियाच्या ओठांची नक्कल करत होती. आवाज नाही, नुसते ओठ. 

आमच्यात पानात वाढलं आणि दारात दुसरं पोर उभं असलं, तर आधी त्याला हाक मारतात. एकाला तुपाशी आणि एकाला उपाशी हा कसला न्याय? यंत्राने टाकलेल्या चिठ्ठीचा? हात धुतले, पिशवीतून पत्ते काढले आणि टेबलावर मांडले.

"आत्या, माझी पाळी जुलैत आहे."

"बस."

"फिलिपाबाईंनी नाही म्हटलंय ना? ही चोरी होते का?"

"आत्या चोरी करत नाही. आत्या घेते. बस म्हटलं ना!"

बसली. एका तासात सात आवाज. अळूच्या पुरचुंड्यांचं लू चुलीवर करपलं आणि आम्ही तेच हसत खाल्लं.

सोमवार, १० मार्च

रोज चाललं आहे. स्वयंपाकघराच्या टेबलावर पत्ते, पीठ, अळूचे कंद आणि ही वही, सगळं एकत्र पडलेलं असतं. लेसिएली वहीवर खुशाल चहाचा पेला ठेवते. ठेवू दे. तिच्यासाठी ती कोरी असल्यासारखीच. इंग्रजीतल्या दोन ओळी वाचताना तिला अजून घाम फुटतो, आणि टोंगन वाचायला तिला कुणी शिकवलेलंच नाही. घरात बोलते तेवढीच.

रविवार, १६ मार्च

प्रार्थनेनंतर चर्चच्या स्वयंपाकघरात पाळकांची बायको कालोलाइने, म्हणजे मालियाची आई, पर्स उघडून किल्ल्या शोधत होती. पर्समधून पत्ते पडले. आमचेच पत्ते, पण जाड कागदावर छापून कापलेले, चांगले दोन-तीन गठ्ठे.

"रविवारच्या वर्गासाठी गं," ती म्हणाली आणि पटकन गोळा केले.

मी म्हटलं, "मी काही विचारलं का?" दोघी हसलो. कालोलाइनेला चार भाऊ आहेत आणि भाचरं पोत्याने.

बुधवार, १९ मार्च

आज आमची लेसिएली बसथांब्यावर उभी राहून एक पाटी वाचत होती. पाटी कुत्र्याच्या घाणीबद्दल होती. पण तिने ती पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत वाचली, बोट न लावता. मग माझ्याकडे बघितलं. मी भर रस्त्यात तिला उचललं, तेही या गुडघ्यांनी! घरी येताना औषधांचं दुकान, दाढीचं दुकान, मटणाचे भाव, सगळं वाचत आली. "आत्या, हे सगळं आधीपासून इथेच होतं?" म्हणाली.

मी खूप सुखी आहे. हे इथेच लिहिता येतं, दुसरीकडे कुठे बोलता येत नाही. तिलाही ताकीद दिली आहे. शाळेत पूर्वीसारखंच अडखळायचं, बाबांनाही सांगायचं नाही. सायमोने तसाही दारातच उभा राहतो. आमच्यात मोठी झाल्यावर बहीणभावंडं एका खोलीत गप्पा मारत बसत नाहीत. तो पायरीवर रताळी ठेवतो, खोकतो आणि जातो.

शुक्रवार, २८ मार्च

आज फिलिपाने सगळ्या प्रशिक्षिकांना बसवून समजावलं. पैसा देणाऱ्या मंडळाला एकच गोष्ट बघायची आहे म्हणाली. बारा शिकलेले आणि बारा थांबलेले, यांच्यात फरक पडला का? पडला तर जुलैमध्ये दुसऱ्या बारांची पाळी, आणि पुढच्या वर्षी सगळ्या शाळांत अशा शिकवण्याच्या खोल्या. नाही पडला तर त्याचा अर्थ मुलं वाढत्या वयाबरोबर आपोआप सुधारतात, शिकवण्याचा उपयोग नाही. मग खोली बंद. कुणालाच नाही.

मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "थांबलेल्यांपैकी एखादं पोर आपलं आपणच सुधारलं तर?"

"एकाने काय होतं असं वाटतं ना फुसी? पण बाराच तर आहेत. त्यात तुमची भाची सगळ्यांत खालून पहिली. तिनेच मोठी उडी मारली तर सगळी सरासरी ओढून नेईल." मग हसून म्हणाली, "पण तसं होत नसतं. काळजी करू नका."

मी हसले. 

सांगायला हवं होतं. तोंडापर्यंत आलं होतं. पण समोर कालोलाइने मालियाला न्यायला उभी होती, आणि उद्या अख्ख्या चर्चला कळलं असतं की फुसीने सही करून शब्द फिरवला. सांगितलं नाही.

रविवार, ३० मार्च

प्रवचन कानावर पडलं नाही. समोरच्या बाकांवर थांबलेल्यांपैकी पाच पोरं बसली होती. मान खाली, बायबल मांडीवर. त्यांची जुलैची पाळी माझ्या हातून जाणार. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला सांगू?

इथे लिहिते, कारण देवाला मोठ्याने सांगायची लाज वाटते. देवा, चाचणीच्या दिवशी लेसिएलीला एक शब्दही वाचता येऊ नये. फक्त त्या दिवसापुरतं. जुलैपर्यंत तिने परत आधीसारखं व्हावं. तिच्या आत्याची हीच इच्छा आहे.

 माझी आजी सांगायची, आत्याचं वाईट बोलणं भाच्याला लागतं. तिच्या गावात एका आत्याने रागाच्या भरात काहीतरी म्हटलं आणि भाच्याचा हात आयुष्यभर वर उचलला नाही. आम्ही पोरी हसायचो त्यावर.

बुधवार, २ एप्रिल

वही कपाटाशेजारच्या खुर्चीवर होती. मी टेबलावर ठेवली होती असं वाटतंय. कडेला खोबरेल तेलाचा बोटाएवढा डाग. माझाच असणार, सकाळी पोरीची वेणी घातली होती. वय झालं.

 पानांच्या पुरचुंड्या बांधताना लेसिएली एकदम म्हणाली, "आत्या, इच्छा आणि आज्ञा एकच असतात का?"

"कुणाची?"

"आत्याची."

"आत्याची इच्छा म्हणजे आज्ञाच. त्यात विचारायचं काय? दोरा घट्ट बांध, दूध गळतंय."

तिने दोरा घट्ट बांधला.

शनिवार, ५ एप्रिल

काहीतरी बिघडलं आहे.

परवापासून लेसिएली पत्ते ओळखत नाही. पहिले सात आवाज, जे तिला झोपेत यायचे, तेही नाहीत. पत्ता समोर धरला की बघते आणि म्हणते, "नाही येत." आधी वाटलं कंटाळली. रागावले, मग लाडीगोडी लावली, मग तळलेल्या गोड गोळ्यांचं आमिष दाखवलं. "नाही येत, आत्या." बसथांब्यावर पाटीकडे पाठ करून उभी राहिली. आज गोष्टीचं पुस्तक उलटं धरून बसली होती.

गेल्या रविवारी मी काय लिहिलं ते मला आठवतंय. पान उलटून बघायचं धाडस नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

फिलिपाला विचारलं, शिकलेलं डोक्यातून पुसलं जातं का?

"सराव सुटला तर हळूहळू गंजतं. पण एका आठवड्यात सगळं? तसं होत नाही. म्हणजे, एखादा आजार असला तर गोष्ट वेगळी. मेंदूला सूज, गाठ वगैरे. का? कुणाला झालंय?"

"कुणाला नाही. टीव्हीवर होतं."

त्यानंतर मालियाला शिकवताना मीच दोनदा चुकले. डॉक्टरकडे नेऊ का पोरीला? आणि कोणत्या तोंडाने सांगू, की हिला येत होतं ते गेलं? येत होतं हेच कुणाला ठाऊक नाही. विचारलं, "डोकं दुखतं का गं?" म्हणाली, "थोडं." रात्री तिचा श्वास ऐकत पडते.

रविवार, १३ एप्रिल

प्रार्थनेत मनातल्या मनात शब्द परत घेतला. इथेही लिहून ठेवते, म्हणजे जिथे केलं तिथेच फिटेल. मी, लेसिएलीची आत्या, माझं बोलणं मागे घेते. तिला वाचता यावं. खोली बंद पडली तर पडू दे, माझं नाव गेलं तर जाऊ दे. माझ्या पोरीला वाचता यावं.

आणि आता ही वही टेबलावर नको. हिच्यात लिहिलेलं खरं व्हायला लागलं आहे. आईच्या लाकडी पेटीत, झाडाच्या सालीच्या कापडाखाली ठेवून कुलूप लावते. किल्ली माझ्या गळ्यात.

शनिवार, २६ एप्रिल

पेटी उघडून लिहिते आहे.

आज दुसरं चित्र आणि चाचणी. चाचणीत लेसिएलीला शून्य. फेब्रुवारीत निदान चार शब्द आले होते. कागद तपासणारी मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, "बिचारी." मी शब्द परत घेतला तो पोचलाच नाही म्हणायचा.

नळीत मात्र पुतळ्यासारखी पडून होती. बाहेर आली तेव्हा खालचा ओठ दातांनी चावून लाल केलेला. माझा हात घट्ट धरला आणि हळूच विचारलं, "आत्या, बरोबर केलं ना मी?"

"अगदी बरोबर. जराही हलली नाहीस. शाबास माझी वाघीण!"

तिचा चेहरा एकदम सैल पडला. घरी येईपर्यंत झोपली. मी मात्र पहिल्यांदा देवावर रागावले.

रविवार, ४ मे

फाका मे.

सगळी पोरं पांढऱ्या कपड्यांत, आमच्या रीतीप्रमाणे कमरेला नव्या चटया बांधून. लेसिएलीच्या चटईला मी स्वतः शिंपल्यांची कड लावली होती. तिने नऊ ओव्या म्हटल्या, एकही चूक नाही. मग पाळकांना काय सुचलं कोण जाणे. मालियाने आत्ताच बायबल उघडून वाचून दाखवलं होतं, टाळ्या पडल्या होत्या, बाप म्हणून त्यांना आनंद झाला असणार. त्यांनी तेच बायबल लेसिएलीच्या हातात दिलं. "आता पुढची ओवी तू वाच बेटा."

तिने पानाकडे बघितलं. डोळे ओळीवरून डावीकडून उजवीकडे गेले, हे मी बघितलं, नक्की बघितलं. मग तिने मान वर केली आणि थेट माझ्याकडे बघितलं. चारशे माणसं, आणि ती फक्त माझ्याकडे बघत उभी. काहीतरी मागत होती. मला ते बघवेना. मी मान खाली घातली.

तिने बायबल मिटलं. "येत नाही," म्हणाली. मागून कुणीतरी हसलं. आमच्याच कुणाचं तरी पोर असेल.

जेवणाच्या वेळी सायमोने माझ्याजवळ आला, जमिनीकडे बघत. इतक्या वर्षांत असा आला नव्हता. "ताई, पोरगी बरी आहे ना?"

"बरी आहे."

"तुझ्याकडे आहे म्हणून मी कधी काही विचारलं नाही." एवढंच बोलला. पानातलं डुकराचं मांस तसंच टाकून गेला. मला वाटलं, जमीन फाटावी.

शुक्रवार, ९ मे

फिलिपाने दार लावून घेतलं. टेबलावर लेसिएलीची दोन चित्रं होती. फेब्रुवारीतल्या चित्रात डाव्या कानामागे काही नाही. दुसऱ्यात विस्तव. मालियाच्या चित्रापेक्षा मोठा.

मी म्हटलं, "ही गाठ आहे का?"

"गाठ? नाही हो फुसी! ही मुलगी वाचतेय. नळीत पडल्या पडल्या समोर आलेला प्रत्येक शब्द तिने वाचला आहे. कागदावर शून्य आणि डोक्यात हे. तोंड नाही म्हणतंय आणि मेंदू हो म्हणतोय. असं मी कधी बघितलं नाही. तिने मुद्दाम चुकीचं सांगितलं. मला दोन गोष्टी कळत नाहीत. तिला कुणी शिकवलं? आणि ती खोटं का बोलली?"

मी खुर्चीत रडले, आधी सुटकेने, मग लाजेने. पहिल्या प्रश्नाचं उत्तर दिलं. सगळं सांगितलं, लू करपलं तेसुद्धा. फिलिपा चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं.

"मार्चमध्ये सांगितलं असतं तर एका मुलीचे आकडे काढून टाकले असते," ती म्हणाली. "अडचण झाली असती, पण निभावलं असतं." मग तिने दुसरा गठ्ठा पुढे ओढला. थांबलेल्यांची चित्रं. एक एक उलटत गेली. कुठे ठिणगी, कुठे निखारा, पण उजेड सगळीकडे. "आठवडाभर मी हे बघतेय. वाटलं यंत्र बिघडलंय. फुसी, या बाकीच्या अकरा मुलांनाही आत्या आहेत का?"

 अकराही जणींना मी नावानिशी ओळखते. सहा जणी कालोलाइनेच्या स्वयंपाकघरात दर शनिवारी असतात.

फिलिपाने दिवा मालवला. मंडळाला काय लिहायचं ते सोमवारी ठरवेन म्हणाली. जुलैच्या वेळापत्रकाचा कागद तिने भिंतीवरून काढला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मला ठाऊक नव्हतं.

शनिवार, १० मे

आता ठाऊक आहे.

सकाळी लेसिएलीला समोर बसवलं. "फिलिपाबाईंनी सांगितलं मला. तुला वाचता येतं."

ती घाबरली. हुंदके देत म्हणाली, "आत्या, मी नव्हते वाचत. मी खूप जोर लावला न वाचायचा. पण डोळे उघडे ठेवायचे होते ना. शब्द आपोआपच वाचला जातो. मी काय करू? तो आत येतो."

"अगं, पण का नाही वाचायचं?"

तिने असं बघितलं, जणू मीच वेडी झाले आहे. "तूच सांगितलंस ना."

"मी? कधी?"

 ती पेटीकडे बघत राहिली. मी गळ्यातली किल्ली काढली.

टोंगन तिला कुणी शिकवलं नव्हतं, खरं आहे. शिकवायचं काय होतं त्यात? आम्ही जसं बोलतो तसंच लिहितो, एका अक्षराला एक आवाज. इंग्रजीचा घाट चढलेल्या पोरीला हे तर सपाट अंगण. बावीस वर्षं मुलांत घालवलेल्या बाईला एवढं कळू नये!

तीस मार्चचं पान उघडलं. माझ्या इच्छेच्या खाली, पेन्सिलीने, एकेक अक्षर सुटं काढून लिहिलं होतं: "बरं आत्या."

आयुष्यात तिने स्वतः लिहिलेलं ते पहिलं वाक्य.

मी तिला पोटाशी धरलं, म्हटलं वाच, आता वाच, काहीही वाच. साखरेचा डबा पुढे केला. ती डब्याकडे बघत राहिली, ओठ घट्ट मिटून. दुपारी म्हटलं, संध्याकाळी म्हटलं. मान हलवते. तोंडाने मी शाबास म्हणत होते तेव्हा वहीत काय लिहीत होते, हे तिने वाचलेलं आहे. ज्या दिवशी मी शब्द परत घेतला त्या दिवशी वही कुलपात घातली. नेमकं तेच पान तिला मिळालं नाही.

सोमवार, १२ मे

तोंडावर तिचा विश्वास नाही, म्हणून काल चर्चला जाण्याआधी मागच्या पानावर लिहिलं. ओळ मोठ्या, सुट्या अक्षरांत काढली. वही टेबलावर उघडी ठेवली, शेजारी पेन्सिल आणि खोबरेलाची बाटली.

"लेसिएली, वाच. मोठ्याने वाच, सगळ्यांसमोर वाच. ही तुझ्या आत्याची आज्ञा आहे."

आज शाळेतून आल्यावर ती बराच वेळ टेबलापाशी होती. मी मुद्दाम बाहेर कपडे वाळत घालत राहिले. वाळलेलेच परत घातले. आत आले तेव्हा ती अंगणात गेली होती. पान तेच होतं, पण आधीची सगळी पानं एकेक करून उलटलेली, प्रत्येकाच्या कडेला तेलाचं बोट. तेरा एप्रिललासुद्धा.

माझ्या ओळीखाली पेन्सिलीने लिहिलं आहे:

"आत्या, कुठलं पान ऐकू?"